उघड्या फांद्यांचा वसंत

फाल्गुनात सेनापती बापट रस्त्यावरून वेताळ टेकडीकडे पाहिलं तर ती करपून गेलेली दिसते. गवत पिवळं पडून आडवं झालेलं, मुरूम उघडा पडलेला, झाडांच्या नुसत्या काड्या. श्रावणात इथे गर्दी करणारी माणसं या दिवसांत म्हणतात, आता वर पाहण्यासारखं काही नाही. या पुस्तकातली सगळी रेखाटनं त्याच दिवसांतली आहेत. माघापासून वळवाच्या पावसापर्यंत टेकडीवर, उन्हात, दगडावर बसून ती काढलेली आहेत. काढणाऱ्यांत एक शाळकरी मुलगी आहे, एक निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत, दवाखाना सांभाळून पहाटे येणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत, आणि एक तरुण आहे जो पहिल्यांदा फक्त पळायला म्हणून वर आला होता. या सगळ्यांच्या वह्या माझ्यासमोर आल्या तेव्हा मी त्या एका बैठकीत पाहून संपवणार होतो. ते जमलं नाही, कारण जवळजवळ प्रत्येक पानाने मला पुन्हा टेकडीवर पाठवलं.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. टेकडीवरचा त्याच्या बराच आधी सुरू होतो. वसंतपंचमी माघात येते, आणि झाडांकडे पाहिलं तर तीच तिथी खरी वाटते. त्या सुमारास वावळाच्या निष्पर्ण फांद्यांवर हिरवट-तपकिरी फुलांचे बारीक झुबके लागलेले असतात. त्यांना पाकळ्या नाहीत, वास नाही. पराग वाऱ्यावर जातात, त्यामुळे कुणाला बोलावण्याची त्यांना गरजच नसते. मग सावर, पांगारा, पळस. त्यांच्या मागोमाग मोई आणि सालई. चैत्रात पिंपळाची तांबूस पालवी आणि करंजाची पोपटी पालवी, करवंदाच्या जाळीत पांढरी फुलं, वारसाचे सुगंधी घोस. वैशाखात कुडा, मेडशिंगी, बहावा. हा क्रम दर वर्षी थोडा पुढेमागे होतो, आणि तो कसा होतो हे कळण्यासाठी कुणीतरी तारीख घालून नोंद ठेवावी लागते. या पुस्तकातल्या प्रत्येक पानावर तारीख आहे, हे मला त्यातल्या चित्रांइतकंच मोलाचं वाटतं.

पानं नसताना फुलायचं, याला कारणं आहेत. ही टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, पुणे शहरातली सगळ्यांत उंच जागा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण, आणि त्यावर मातीचा पातळ थर. पाऊस चार महिने पडतो, बाकीचे आठ महिने झाडाने आपल्यापाशी आहे त्यावर काढायचे. पान म्हणजे पाणी बाहेर जाण्याची वाट. ती बंद केली की मोई, पांगारा, सावर यांच्या हलक्या, मऊ लाकडात साठलेलं पाणी टिकतं, आणि त्या पाण्याच्या जोरावर भर उन्हाळ्यात कळ्या उमलतात. उघड्या फांदीवरचं फूल पक्ष्यांना लांबून दिसतं. शिवाय फाल्गुनात फुललं तर वैशाखापर्यंत बी तयार होतं. पळसाची चपटी, टोकाशी एकच बी असलेली शेंग मे महिन्याच्या वाऱ्यावर तरंगत जाते, सावरीचा कापूस उडतो, वावळाची पंख असलेली फळं झाडापासून लांब पडतात, आणि वर मृगाचा पाऊस येतो. ज्याला आपण रखरखाट म्हणतो तो या झाडांचा पेरणीपूर्वीचा हंगाम आहे.

हे सगळं पुस्तकात वाचून कळतं. मलाही ते तसंच आधी कळलं होतं. पण या वह्यांमध्ये ते ज्या पद्धतीने उमटलं आहे, ते वाचून येत नाही.

पळसाचंच पाहा. पळस सगळ्यांना माहीत असतो. तो काढायला बसलेल्या माणसाची पहिली अडचण देठापाशी होते. लांबून पेटलेलं दिसणारं फूल ज्यातून बाहेर येतं तो निदलपुंज जवळजवळ काळा असतो, मखमली, गडद. तो काळा रंग नसता तर नारिंगी इतका झगझगीत दिसला नसता. मग पाकळ्या. एक मोठी, मागे वळलेली, दोन बाजूंना, आणि दोन जुळून झालेली वाकडी नौका, पोपटाच्या चोचीच्या आकाराची. पुंकेसर आणि कुक्षी त्या नौकेत झाकलेले असतात. शिंजीर तळाच्या मधासाठी चोच घालतो तेव्हा नौका दबते, आतले पराग त्याच्या अंगाला लागतात, आणि पुढच्या फुलापर्यंत जातात. डॉक्टरीणबाईंनी हे एका पानावर तीन छोट्या आकृत्यांत दाखवलं आहे, आणि शेजारी लिहिलंय: ‘बुलबुल बाजूने फोडून खातो. तोही पराग नेतो का?’ हा प्रश्न तिथेच सोडून दिलेला आहे. मला तो उत्तराहून जास्त आवडला. पुढच्या वर्षीच्या पळसासमोर बसण्याचं कारण त्यात आहे.

त्याच फुलाच्या रंगाचा एक निराळाच गोंधळ आहे. नळीतला शुद्ध नारिंगी लावला की फूल कागदी दिसतं. पळसाच्या पाकळीला बाहेरून बारीक रुपेरी लव असते. ऊन पाठीमागून आलं की पाकळी आतून पेटते, समोरून आलं की त्या लवेमुळे तिच्यावर राखट झाक येते. तरुणाच्या वहीत एकच घोस सकाळी, दुपारी आणि उन्हं कलताना असा तीनदा रंगवलेला आहे. तीन निराळ्या झाडांचे वाटावेत इतके ते रंग वेगळे आहेत. सावर, पांगारा आणि पळस यांना आपण सरसकट लाल म्हणून मोकळे होतो. ही पानं पाहिल्यावर ते पुन्हा जमणार नाही. सावरीची पाकळी जाड, मेणासारखी चकाकणारी, आणि तिच्या आतल्या पुंकेसरांचे वेगवेगळे जुडगे असतात. ते जुडगे वहीत येईपर्यंत माझ्या नजरेत कधी आले नव्हते. सावरीखाली मी आयुष्यभर फुलं वेचली आहेत.

फोनवर काढलेला फोटो वाईट असतो असं मी म्हणणार नाही. ओळख पटवायला, पक्ष्याच्या पंखाची खूण जपून ठेवायला तो हवाच. पण फोटोत काय घ्यायचं ते एका क्षणात ठरतं आणि सगळं एकदमच येतं. रेखाटताना प्रत्येक रेघ ओढण्याआधी ठरवावं लागतं: ही फांदी कुठून फुटली, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ चपटा की गोल. ज्याचं उत्तर माहीत नाही तिथे पेन्सिल थांबते आणि नजर परत झाडाकडे जाते. या जाण्यायेण्यात अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात झाड एकटं राहत नाही. मुंगळे खोडावरून चढताना दिसतात. वाळक्या लाकडात भोक पाडणारा काळा भुंगा दिसतो. मोईच्या एका झाडावर फक्त नर फुलं आणि शेजारच्यावर फक्त मादी फुलं हे लक्षात येतं. स्थिर बसलेल्या माणसाची पाखरांना सवय होते. या पुस्तकातली प्राण्यांची बहुतेक चित्रं झाड काढायला बसलेल्यांना आयती मिळालेली आहेत.

त्यातलं माझं सगळ्यांत आवडतं पान सरड्याचं आहे. वीण काळात आपल्या नेहमीच्या बागसरड्याच्या नराचं डोकं आणि खांदे लालभडक होतात, गळ्याच्या बाजूंना काळे डाग उठतात, आणि तो उंच दगडावर किंवा काटकीच्या टोकावर बसून पुढचे पाय ताठ करत अंग वरखाली करतो. मुलीने तो एका जागी पूर्ण काढलेलाच नाही. पाच-सहा वेगवान रेघांच्या आकृत्या आहेत, प्रत्येकीत पाठीचा बाक निराळा, आणि शेवटच्या आकृतीत सरडा नाही, नुसता दगड आहे. प्राण्याचं रेखाटन असंच करावं लागतं. एक ढब पकडायची, तो हलला की दुसरी सुरू करायची, पुन्हा पहिल्या ढबीत आला की मागे जाऊन ती पुरी करायची. शरीराची ठेवण अशी हळूहळू हाताला कळते.

शिंजिराच्या पानांवर ऋतू अक्षरशः पिसांतून सरकताना दिसतो. जांभळ्या शिंजिराचा नर वीण काळ नसताना मादीसारखाच पिवळसर-मळकट असतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी. माघाच्या सुरुवातीच्या रेखाटनात अंगावर गडद ठिगळं आहेत. फाल्गुनात तो पुरता निळा-जांभळा. सुभगाच्या नराच्या पाठीवर काळा रंग चढत जातो. तांबट वाळक्या फांदीत गोल बीळ कोरताना दिसतो, आणि त्याचं ठोक-ठोक त्या पानावर वेळेसकट लिहून ठेवलेलं आहे. चैत्र पुढे सरकतो तशी पावशाची हाक सुरू होते. जाणाऱ्यांचीही नोंद आहे. थंडीत मध्य आशियातून आलेल्या भोरड्या, ज्यांना पळसमैना असंही म्हणतात, परतण्याआधी फुललेल्या पळस-पांगाऱ्यांवर थव्याने उतरतात. त्यांच्या गुलाबी अंगाचं आणि काळ्या डोक्याचं एक घाईतलं जलरंगचित्र इथे आहे. एप्रिलनंतरच्या पानांवर त्या नाहीत. थिरथिराही नाही. कुणी दिसेनासं झालं याची तारीख ठेवणं अवघड असतं, कारण त्या दिवशी काही घडलेलं नसतं. नियमाने वही उघडणाऱ्यालाच ती सापडते.

टिटवीच्या अंड्यांचं चित्र पाहताना एक गोष्ट सांगायला हवी. ती चार अंडी, टोकं आत वळवून, उघड्या मुरमावर ठेवलेली आहेत, आणि खड्यांत ती इतकी मिसळली आहेत की चित्रातसुद्धा शोधावी लागतात. ड्राफ्ट्समनकाकांनी ती खूप लांबून, दुर्बिणीतून पाहून काढली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर आपण फार जवळ आलो आहोत. तिथून मागे फिरायचं, चित्र राहिलं तरी चालेल. उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्या वेळातही खराब होऊ शकतात. या पुस्तकात एकाही घरट्याची नेमकी जागा दिलेली नाही, आणि ती विचारूही नये.

गवताकडे मात्र हवं तेवढं जवळ जावं. मोज्यात रुतणाऱ्या कुसळीला आपण वैतागून उपटून फेकतो. तिचं कुसळ पीळ घातलेलं असतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि या फिरण्याने टोकदार बी मातीत शिरतं. तरुणाने एका कुसळावर बाटलीतलं थेंबभर पाणी टाकून ते फिरताना टप्प्याटप्प्याने काढलं आहे. त्या पानावर रंग नाही, सजावट नाही. माझ्या मते पुस्तकातलं ते सर्वांत उत्तम पान आहे.

पुण्याला अशा पाहण्याची जुनी परंपरा आहे, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणारा गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार. त्याने वेरूळची लेणी काढली, तसाच १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही काढला. ते चित्र आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पुढे १८४७ ते १८५० या काळात दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानात अलेक्झांडर गिब्सनसाठी एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराने झाडांची दीडशेहून अधिक चित्रं काढली. ती एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. गिब्सनचं नाव इतिहासात आहे, तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. चित्रकाराचं नाव कुणाला माहीत नाही. मुळा-पवनेच्या काठावर बसून ज्याने पान न् पान निरखलं, त्याच्या हाताची ओळख फक्त त्या चित्रांतून उरली आहे. मराठी लेखनातही हा धागा तुटलेला नाही. व्यंकटेश माडगूळकर पुण्यात राहून रानावनाबद्दल लिहीत, आणि त्यांचा हात लेखणीइतकाच रेखाटनातही चालत असे.

शास्त्रीय वनस्पतिचित्रात झाड त्याच्या जागेवरून उचललेलं असतं. कोऱ्या कागदावर एक निरोगी फांदी, शेजारी फुलाचा छेद, खाली बी. वर्गीकरणाला तेच लागतं, आणि त्याचा मी आदरच करतो. या वह्यांतली चित्रं वेगळी आहेत. इथे पानाला अळीने पाडलेली भोकं आहेत, करंजाच्या पानावरच्या गाठी आहेत, खोडाला वणव्याने दिलेला काळा डाग आहे, आणि मागे दगडखाणीची कड दिसते. झाड ज्या शेजारात जगतं तो शेजारही कागदावर आलेला आहे.

हा शेजार बदलतो आहे. फेब्रुवारीत टेकडीचे मोठाले पट्टे फिकट गुलाबी-जांभळे होतात आणि लोक कौतुकाने फोटो काढतात. ती गिरिपुष्पाची फुलं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड, आपल्याकडे उंदीरमारी म्हणूनही ओळखलं जातं. निकृष्ट जमिनीत ते झपाट्याने वाढतं, नुसती फांदी रोवली तरी जगतं, म्हणून ते टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावलं गेलं. पण ही टेकडी मुळात दाट सावलीची नव्हेच. ती विरळ झाडांची आणि गवताची आहे. टिटवी, तितर, चंडोल यांना उघडा माळ लागतो. कुसळीला ऊन लागतं. गिरिपुष्पाच्या गच्च राईत बसून काढलेलं एक पान पुस्तकात मुद्दाम ठेवलं आहे. त्याच्या शेजारी, त्याच आठवड्यात, सालई आणि मोईच्या विरळ उतारावर काढलेलं पान आहे. दोन्हींवर काय काय उमटलं आहे ते वाचकाने आपल्या डोळ्यांनी मोजावं. हिरवं झालं म्हणजे भलं झालं, हा आपला समज या टेकडीपुरता तरी तपासायला हवा.

दुसरा बदल रस्त्यांचा. टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या प्रस्तावाला विरोध करत २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने एकत्र आले. त्या वादात झाडांच्या संख्येवर पुष्कळ बोललं गेलं: किती तोडणार, बदल्यात किती लावणार. तोडलेल्या मोईच्या जागी दुसरीकडे एक रोप लावलं की हिशेब जुळतो, असं त्या भाषेत वाटतं. पण त्या मोईच्या फुलांवर फाल्गुनात कोण येतं, तिच्या ढोलीत कोण राहतं, तिच्या खाली कुठलं गवत उगवतं, हे त्या हिशेबात कुठल्याच रकान्यात येत नाही. ते लिहून ठेवलेलं असेल तरच कुणाला दाखवता येईल. म्हणून या वह्या मला हौसेच्या वाटत नाहीत. एका जागेबद्दलची ती साक्ष आहे, तारखेसह.

‘मला चित्र काढता येत नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं. ड्राफ्ट्समनकाका सोडले तर या चौघांपैकी कुणी रेषेचं शिक्षण घेतलेलं नाही. सुरुवातीची पानं त्यांनी वगळू नयेत असा आग्रह मी धरला, आणि ती तशीच छापली आहेत. त्यांतला पिंपळ पिंपळासारखा नाही, पण त्याच्या नव्या पानाचा तांबूस रंग आणि लांब शेपटीसारखं टोक दोन्ही बरोबर आहेत. त्या दिवशी तेवढं पाहिलं गेलं, तेवढं आलं. सामान फार लागत नाही. हातात मावेल अशी वही, मऊ पेन्सिल, पाण्याची बाटली, डोक्याला टोपी. जलरंग नेणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की चैत्रातल्या वाऱ्यात रंग लावताक्षणी वाळतो. मोठा भाग एका दमात भिजवता येत नाही, लहान तुकड्यांत काम करावं लागतं. दहानंतर ऊन कागदावरून डोळ्यांत येतं. सकाळी लवकर जावं. आणि एकच फांदी ठरवून दर आठवड्याला तीच काढावी. निरनिराळी झाडं गोळा करण्यापेक्षा हे कठीण आहे, कारण मधल्या काही आठवड्यांत काहीच बदललं नाही असं वाटतं. दोन पानं शेजारी ठेवली की कळी फुगलेली दिसते.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल. पानं महिन्यांच्या क्रमाने लावली आहेत, चितारणाऱ्यांप्रमाणे वेगळी केलेली नाहीत. झाडांची नावं पुण्याच्या परिसरात बोलली जातात तशी दिली आहेत. ज्या कीटकाची किंवा गवताची ओळख पटलेली नाही, तिथे नाव न देता फक्त जागा आणि दिवस लिहिला आहे. जाणकारांनी ती नावं भरून कळवावीत. समासातल्या नोंदी, खाडाखोड आणि प्रश्न मूळ वह्यांत होते तसेच ठेवले आहेत. शेवटची काही पानं कोरी आहेत, ती वाचकांसाठी. त्यांवर सुरुवात पळसापासून करण्याचा मोह होईल. वावळापासून करावी असं मी सुचवेन. त्याची खालची फांदी बऱ्याचदा हाताच्या उंचीवर असते, फुलं इतकी बारीक असतात की आधी नुसतं पाहण्यातच बराच वेळ जातो, आणि महिन्याभराने त्याच फांदीवर पंखांची फळं धरलेली असतात, तेव्हा दुसरं चित्र काढायला तिथेच परत येता येतं.